लस सरकारी यादीत येते कशी? पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

लसीकरणाच्या दिवशी हेल्थ पोस्टच्या, म्हणजे महापालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या बाकावर हे दृश्य हमखास दिसतं. आईच्या कडेवर बाळ आणि हातात दोन कागद. एक माता-बाल संरक्षण कार्ड, दुसरी खासगी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातली रंगीत पुस्तिका. दोन्हींवर लशींच्या याद्या, आणि त्या जुळत नाहीत. मुंबईच्या पूर्व उपनगरांत काम करताना "डॉक्टर, यातलं खरं कुठलं?" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. त्या एका प्रश्नाला फाटे फुटत फुटत बाकीचे आले.

मग खरी यादी कुठली?

दोन्ही खऱ्या. दोन्ही याद्या करणाऱ्यांनी स्वतःला विचारलेले प्रश्न मात्र वेगळे होते.

हेल्थ पोस्टची यादी म्हणजे केंद्र सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचं वेळापत्रक. हा कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. दरवर्षी अडीच कोटींहून जास्त नवजात बाळं आणि जवळपास २ कोटी ९० लाख गरोदर बायका धरून त्याची आखणी होते. खासगी पुस्तिकेतली यादी बहुतेक वेळा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, म्हणजे आयएपीची असते. आयएपीची समिती विचारते, "समोरच्या या एका बाळाला जास्तीत जास्त संरक्षण कसं देता येईल?" सरकारी समिती विचारते, "गडचिरोलीच्या पाड्यापासून कफ परेडपर्यंत प्रत्येक बाळाला काय देता येईल, आणि ते वर्षानुवर्षं न चुकता देता येईल का?"

म्हणून हेल्थ पोस्टवर गोवर-रुबेला मिळते आणि खासगीत त्यात गालगुंडाची भर पडते. कांजिण्या आणि हेपॅटायटिस ए फक्त खासगी यादीत दिसतात. न्यूमोनियाविरुद्धच्या न्यूमोकॉकल लशीचे सरकारी डोस तीन: सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने. खासगीत चार. इथे पालक हमखास घाबरतात, आपल्या बाळाचा एक डोस सरकारनं गाळला की काय म्हणून. तसं नाही. दोन डोस आणि वर एक बूस्टर ही पद्धत जगात अनेक देशांत चालते आणि तिच्यामागे अभ्यास आहे. उरलेला एक डोस प्रत्येक बाळाला द्यायचा तर कोट्यवधी सुया, कोट्यवधी कुप्या आणि तितक्याच फेऱ्या वाढतात. त्या बदल्यात आजार किती कमी होईल, हा हिशेब समितीनं केलेला असतो.

ही सरकारी समिती म्हणजे नेमकं कोण?

नाव लांबलचक आहे: राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे 'एनटागी' म्हणतात, मीही तेच लिहिते. २००१ मध्ये हा गट स्थापन झाला. अध्यक्ष केंद्रीय आरोग्य सचिव. सहअध्यक्ष जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि आरोग्य संशोधन विभागाचे सचिव. यातले दुसरे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) महासंचालकही असतात. शिवाय बालरोग, साथरोगशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांतले स्वतंत्र तज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या संघटनांचे प्रतिनिधी.

कणीक मात्र मळली जाते खाली, स्थायी तांत्रिक उपसमितीत. ही उपसमिती २०१३ पासून आहे. एखाद्या लशीचा विषय आला की तिच्यासाठी कार्यगट बसतो, पुरावे गोळा करतो आणि उपसमितीपुढे मांडतो. उपसमितीची शिफारस मोठ्या गटाकडे जाते, तिथून मंत्रालयाकडे. एनटागी सल्ला देते, निर्णय सरकारचा.

मला यात एक गोष्ट खटकत आली आहे. सल्ला देणाऱ्या गटाच्या खुर्चीवर सल्ला घेणाराच बसलेला असतो. ब्रिटनमध्ये अशी समिती १९६३ पासून आहे आणि तिचा अध्यक्ष सरकारी अधिकारी नसतो, बाहेरचा तज्ज्ञ असतो. आपल्याकडच्या रचनेचं समर्थन करणारे म्हणतात की सचिव खोलीतच असले की शिफारस फायलींत अडकत नाही. असेलही. पण पुढे एचपीव्ही लशीचं वाचा आणि ठरवा.

औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली, म्हणजे लस आलीच ना?

नाही. बातम्यांत सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. औषध महानियंत्रक पाहतात ते एवढंच: लस सुरक्षित आहे का, काम करते का, कारखान्यात प्रत्येक बॅच सारखी निघते का. उत्तर 'हो' असेल तर ती बाजारात विकता येते. ती फुकट, सगळ्यांना, कोणत्या वयात द्यायची हा नंतरचा आणि वेगळ्या माणसांनी सोडवायचा प्रश्न आहे. रिक्षाला परमिट मिळणं वेगळं आणि तुमच्या गल्लीत शेअर रिक्षाचा स्टँड होणं वेगळं.

समितीच्या टेबलावर कागद कोणते येतात?

पाच गोष्टी तरी असतातच. हा आजार आपल्याकडे किती जणांना होतो आणि किती दगावतात. लस किती वाचवते. धोका काय. खर्च किती. आणि लस टोचणाऱ्या परिचारिकांच्या, म्हणजे एएनएमताईंच्या हातून ती प्रत्यक्षात देता येईल का.

रोटाव्हायरसचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हे सगळं आलं. या विषाणूच्या जुलाबांनी देशात दरवर्षी सुमारे ७८ हजार मुलं मरत असल्याचा अंदाज होता. भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर झाली. निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के संरक्षण.

छप्पन्न! परीक्षेत हे सेकंड क्लासचे मार्क. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तर स्पष्ट विचारलं, "अर्ध्या कामाची लस कशाला घ्यायची?" पण श्रीमंत देशांत उत्तम चाललेल्या महागड्या रोटा लशीसुद्धा गरीब देशांत साधारण एवढंच संरक्षण देतात. आतड्यांतले इतर जंतू, कुपोषण, तोंडावाटे घेतलेली पोलिओची लस अशी कारणं त्यामागे सांगितली जातात. शिवाय टक्के एकटे वाचायचे नसतात, ते ७८ हजारांशेजारी ठेवून वाचायचे असतात. आजार क्वचित होणारा असेल तर ९५ टक्क्यांची लससुद्धा यादीत बसणार नाही, आणि आजार घरोघरी असेल तर ५६ टक्के म्हणजे हजारो जीव. २०१४ मध्ये शिफारस झाली, २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा इथून सुरुवात झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली.

पुरावा भक्कम की पोकळ, हे कोण आणि कसं ठरवतं?

जगभर 'ग्रेड' नावाची एक पद्धत वापरतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत तशा, यादृच्छिक पद्धतीनं केलेल्या चाचणीचा पुरावा वरच्या पायरीवरून सुरू होतो. नुसत्या निरीक्षणाचा खालच्या. मग चाचणीत खोट दिसली, आकडे डळमळीत निघाले, चाचणीतले लोक आपल्या लोकांसारखे नसले, की पायरी उतरते. परिणाम फारच ठळक असेल तर निरीक्षणाचा पुरावाही वर चढतो.

पद्धत कागदावर सरळ आहे, जग तसं नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा एकच डोस पुरतो का, याचं एक मोठं उत्तर भारतातून आलं, आणि तेही अपघातानं. २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी एक चाचणी सुरू झाली; मुंबईचं टाटा मेमोरियल आणि सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीचं कर्करोग रुग्णालय त्यात होतं. बेत होता दोन डोस आणि तीन डोस यांची तुलना करण्याचा. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका एचपीव्ही प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं देशातलं या लशीचं सगळं काम थांबवलं. तोवर सुमारे १७ हजार ७०० मुली सामील झाल्या होत्या, आणि त्यांतल्या हजारोंना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. २०२१ मध्ये दहा वर्षांपर्यंतचे निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात.

आता हा पुरावा कुठल्या पायरीवर ठेवायचा? एका डोसचा गट चिठ्ठ्या टाकून पाडलेला नव्हता, तो एका सरकारी आदेशानं पडला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानं, म्हणजे 'सेज'नं, याच्याजोडीला इतर देशांतल्या चाचण्या तपासल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये एक डोसही चालेल असा कौल दिला. जूनमध्ये एनटागीनं ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ही लस देण्याची शिफारस केली. पुढच्याच महिन्यात भारतीय बनावटीच्या सर्व्हाव्हॅकला विक्रीची परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात या लसीकरणाचा उल्लेख आला, तोही 'प्रोत्साहन देऊ' अशा भाषेत. देशात दरवर्षी या कर्करोगानं सुमारे ८० हजार बायका जातात. सचिव खोलीत होते, तरी शिफारस काही वर्षं अडकलीच.

गोवराची लस नवव्या महिन्यात का? आधी दिली तर काय बिघडतं?

हा प्रश्न २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत मला रोज विचारला जात होता, आणि विचारणाऱ्यांच्या मांडीवर सहा-सात महिन्यांची बाळं होती.

बाळ जन्मतं तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडं घेऊन येतं. ती काही महिने गोवराला थोपवतात, पण लशीतल्या जिवंत विषाणूलाही थोपवतात. म्हणजे लस लवकर दिली तर ती वाया जायची शक्यता जास्त. नवव्या महिन्यात दिली तर साधारण ८५ टक्के बाळांत प्रतिकारशक्ती तयार होते, वर्षानंतर दिली तर ९५ टक्क्यांच्या आसपास. मग वर्षानंतरच का देत नाहीत? युरोप-अमेरिकेत तसंच देतात. त्यांच्याकडे गोवर कमी, थांबणं परवडतं. आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत सातजण राहतात, शेजारच्या खोलीतल्या खोकल्याचा आवाज भिंतीतून ऐकू येतो. तिथे बाराव्या महिन्यापर्यंत थांबायचं म्हणजे तीन महिने बाळ उघड्यावर ठेवायचं. म्हणून नववा महिना, आणि पहिल्या डोसानं ज्यांच्यात प्रतिकारशक्ती आली नाही त्यांच्यासाठी म्हणून सगळ्यांनाच १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. ही तडजोड आहे, आणि ती जाणूनबुजून केलेली आहे.

साथ आली की तडजोडीचा काटा सरकतो. त्या नोव्हेंबरात केंद्रानं राज्याला कळवलं की साथीच्या वस्त्यांत ९ महिने ते ५ वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस द्यावा. आणि जिथे एकूण रुग्णांपैकी १० टक्क्यांहून जास्त रुग्ण नऊ महिन्यांच्या आतले असतील, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा. या डोसाची गणती नेहमीच्या दोन डोसांत नाही. नवव्या महिन्याचा घ्यायचाच. आयांना हे पटवणं सगळ्यात कठीण गेलं. "आत्ताच तर टोचलं ना?" टोचलं होतं खरं. पण तो भूक मारण्यापुरता घास होता, जेवण बाकी होतं.

पोलिओचं इंजेक्शन हेल्थ पोस्टवर अर्धवट देतात म्हणे?

अर्धवट नव्हे, पाचवा हिस्सा. खासगीत ०.५ मिलिलिटर स्नायूत टोचतात, इथे ०.१ मिलिलिटर कातडीत. ताईंनी नीट टोचलं तर दंडावर मटाराएवढा फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. तो दिसला की समजायचं, जागच्या जागी गेलं.

२०१६ मध्ये जगभर या इंजेक्शनचा तुटवडा पडला. त्याच वर्षी २५ एप्रिलला भारतानं तोंडावाटे द्यायच्या लशीतला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला होता, त्यामुळे त्या प्रकाराविरुद्ध इंजेक्शन हाच आधार उरला होता. समितीसमोर दोन वाटा होत्या: काही मुलांना पूर्ण डोस आणि उरलेल्यांना काहीच नाही, किंवा सगळ्यांना थोडा थोडा. कातडीत प्रतिकार पेशींची दाटी असते आणि तिथे पाचव्या हिश्श्याचे दोन डोस एका पूर्ण डोसापेक्षा चांगलं काम करतात, हे अभ्यासांतून दिसलं होतं. भारतानं दुसरी वाट धरली, आधी काही राज्यांत आणि मग देशभर. जानेवारी २०२३ पासून नवव्या महिन्यात तिसरा डोसही जोडला गेला. टंचाईतून निघालेली ही युक्ती मला आपल्या लसीकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. खासगीतला पूर्ण डोस घेतला असेल तर तोही बरोबरच आहे, भांडू नका.

तज्ज्ञांच्या समितीला फ्रिजशी काय देणंघेणं?

फार. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. नवी लस म्हणजे तालुक्याच्या फ्रिजपासून हेल्थ पोस्टच्या फ्रिजपर्यंत प्रत्येक खणात जागा. कुपी किती डोसांची, हाही प्रश्न असतो. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की चार तासांत संपवायची, उरलं तर टाकून द्यायचं. त्यामुळे दुपारी एकच बाळ आलं तर कुपी फोडायची की "उद्या या" म्हणायचं? नियम सांगतो, फोडा. पण महिन्याचा हिशेब देणाऱ्या ताईंच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पाहिलं आहे. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीची कुपी मात्र अटी पाळून २८ दिवस वापरता येते. कुपीवर गोलात एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असला तर लस ठीक, गोलाइतका गडद झाला की बाद. हे तुम्हीही ताईंना दाखवायला सांगू शकता, कुणी रागवत नाही.

म्हणजे शेवटी पैसे बघूनच ठरवतात?

पैसेही बघतात, आणि बघावेतच. तिजोरी एकच आहे. एका लशीवर गेलेला रुपया दुसऱ्या लशीवर, किंवा बाळंतपणाच्या खाटेवर जाणार नाही. न्यूमोकॉकलची लस २०१७ मध्ये हिमाचल आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या काही भागांत सुरू झाली, पण देशभर पोचायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात पुण्याच्या सीरममध्ये तयार झालेली स्वस्त लस बाजारात आली, हा निव्वळ योगायोग नव्हे.

समितीत कंपन्यांची माणसं असतात का?

सदस्य म्हणून नाही. सदस्यांना आपले हितसंबंध लिहून जाहीर करावे लागतात. पण लशीवर संशोधन करणारा तज्ज्ञ आणि लस बनवणारी कंपनी यांचा कधीच संबंध आला नाही, असं देशात क्वचितच सापडेल. त्यामुळे संबंध आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. तो जाहीर झाला का आणि त्या विषयाच्या वेळी माणूस बाजूला झाला का, हे विचारा.

कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर सारखं का बदलत होतं? लस नव्हती म्हणून?

तेव्हा लस कमी होती हे खरं, आणि ब्रिटनमधून जास्त अंतरानं जास्त संरक्षण मिळतं असं दिसत होतं हेही खरं. सुरुवातीला ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, आणि १३ मे २०२१ ला १२ ते १६. महिनाभरानं गटातल्याच काही शास्त्रज्ञांनी पत्रकारांना सांगितलं की ८ ते १२ आठवड्यांना आमची सहमती होती, १२ च्या पुढे पुरेसा पुरावा नव्हता. एनटागीच्या कोविड कार्यगटाच्या प्रमुखांनी ते नाकारलं आणि निर्णय शास्त्रीयच होता असं सांगितलं.

मला त्यांच्या मतभेदाचं काही वाटलं नाही. मतभेद नसतील तर समिती कशाला, एक माणूस पुरे. वाईट वाटलं ते मतभेद इतिवृत्तातून न कळता वर्तमानपत्रातून कळले याचं. "आमच्यात एकमत नव्हतं, तरी या कारणांसाठी १६ पर्यंत गेलो," असं आधीच छापलं असतं तर दादरच्या रांगेत उभ्या असलेल्या आजोबांना ते समजलं असतं.

समिती चुकली तर?

चुकते. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाव्हायरसची पहिली लस शिफारशीत आली आणि वर्षभरात मागे घ्यावी लागली, कारण काही बाळांत आतड्यात आतडं अडकण्याचा प्रकार दिसला. तो धोका इतका विरळा होता की आधीच्या चाचण्यांत ठळक दिसला नव्हता. लाखो बाळांना लस मिळाल्यावर दिसला. म्हणून लस यादीत आली तरी काम संपत नाही. आपल्याकडे जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर लसीकरणानंतरच्या गंभीर घटना तपासणाऱ्या समित्या आहेत. लशीनंतर काही झालं तर ते लशीमुळेच झालं का, हे त्या शोधतात. ताप येऊन गेला तरी कळवा. लिहून ठेवायला काही जात नाही.

डेंग्यूचा धडा जास्त कडू आहे, आणि दर पावसाळ्यात "डेंग्यूची लस का नाही?" विचारणाऱ्यांसाठी तोच उत्तर आहे. फिलिपिन्सनं २०१६ मध्ये शाळकरी मुलांना लस द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच सांगितलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही, त्यांचा पुढचा डेंग्यू या लशीनं जास्त गंभीर होऊ शकतो. कार्यक्रम थांबला. लोकांचा विश्वास इतका उडाला की दुसऱ्या लशींनाही फटका बसला. भारतात बनवलेल्या डेंग्यू लशीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, दहा हजारांहून जास्त लोकांवर. तिचा पाठपुरावा लांबलचक ठेवलाय तो याचसाठी. घाई नको.

आणि मुंबईकरांना तर हा इतिहास घरचा आहे. १८९६ ला शहरात प्लेग आला, आणि वाल्देमार हाफकिन या जीवाणूशास्त्रज्ञांनी इथेच लस बनवून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. आज कुठलीही नीतिमत्ता समिती असली परवानगी देणार नाही. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं गेली आणि दोष हाफकिनवर आला. तिथल्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळला त्यांच्या नावाच्या संस्थेवरून जाताना मला ती पाच वर्षं आठवतात. लस, कारखाना, बाटली, हात: चूक कुठे झाली हे शोधण्याची शिस्त तेव्हा नव्हती.

जागतिक आरोग्य संघटना सांगते तेच आपण करतो ना?

नाही. 'सेज' जगासाठी सांगतं, देश आपापलं ठरवतात. मलेरियाची आर-२१ लस पुण्यात बनते, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची जागतिक शिफारस झाली, आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळते. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात ती नाही. ती फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियावर चालते, आणि आपल्याकडे व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचाही मोठा वाटा आहे. शिवाय आफ्रिकेसारखी बालमृत्यूंची रास इथे नाही.

उलट उदाहरण खाडीपलीकडचं आहे. टायफॉइडच्या नव्या लशीची जागतिक शिफारस आली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेनं आपल्या २२ पैकी ११ नागरी आरोग्य केंद्रांच्या हद्दीत मोहीम घेतली. ९ महिने ते १४ वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. निम्म्याच भागात दिल्यामुळे उरलेल्या निम्म्याशी तुलना करता आली. "आमच्या सेक्टरला का नाही?" म्हणून तेव्हा लोक चिडले असतील, पण राष्ट्रीय समित्यांच्या टेबलावर जे कागद येतात ते असेच कुणाच्या तरी सेक्टरमधून येतात.

न्यू जर्सीतली नणंद म्हणते, तिकडे जन्मतःची कावीळ बीची लस आता सगळ्यांना देत नाहीत. मग इथे का?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी तिथल्या राष्ट्रीय लस समितीचे सगळेच्या सगळे १७ सदस्य काढून नवे नेमले. नव्या समितीनं डिसेंबरात ठरवलं की आईची तपासणी निगेटिव्ह असेल तर पहिल्या डोसाचं पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला ते मान्य नाही. आपल्याकडे जन्मानंतर २४ तासांच्या आत हा डोस आहे, कारण प्रत्येक बाळंतिणीचा रिपोर्ट हातात असेलच याची खात्री नाही, आणि आईकडून आलेला विषाणू बाळात बहुधा जन्मभर ठाण मांडतो. नणंदेला नमस्कार सांगा, डोस घ्या.

शिफारस म्हणजे सक्ती का?

नाही. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ ला कोविड लशीच्या प्रकरणात सांगितलं की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही.

हे सगळं आम्हाला वाचता येतं का?

एनटागीची इतिवृत्तं आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. इंग्रजीत, रूक्ष, आणि कधी कधी उशिरा. मराठीत आलेलं मी पाहिलेलं नाही. वाचायला बसलात तर शेवटचा ठराव आधी वाचू नका, तो सगळ्यांनीच वाचलेला असतो. 'आणखी माहिती मागवण्यात आली' असं जिथे लिहिलंय तिथे थांबा. समितीला काय ठाऊक नव्हतं ते तिथे कळतं.

आमच्या बाळाचे डोस चुकलेत, कार्डही सापडत नाही. आता?

कुठल्या वयापर्यंत काय देता येईल, हेही ठरलेलं आहे. बीसीजी आणि रोटा-पेंटाचा पहिला डोस वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. चुकलेल्या डोसामुळे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. जवळच्या हेल्थ पोस्टवर या, ओरडा बसणार नाही. रजिस्टरमध्ये किंवा यू-विन या लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत मोबाइल नंबरानं नोंद सापडते का ते पाहू. नाही सापडली तर बाळाची डावी बाही वर करू आणि दंडावर बीसीजीचा व्रण आहे का, तिथून सुरुवात करू.